पाव ग्रॅमची ये-जा

रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये पाच-सहा आठवडे राहिलेली रक्ताची पिशवी घ्या आणि तिच्यात पेशींच्या बाहेर आलेलं पोटॅशिअम मोजा. भरेल जेमतेम पाव ग्रॅम. डॉक्टरांच्या मापात सांगायचं तर सहा-सात मिलिमोल. एका मध्यम केळ्यात याहून जास्त असतं, दहाएक मिलिमोल. धडधाकट माणसानं दोन केळी खाल्ली तर त्याच्या शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. पण हेच पाव ग्रॅम भलत्या वेळी, भलत्या वेगानं, भलत्या माणसाच्या शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. आणि याहून नवलाची गोष्ट अशी की बहुतेकदा तसं काही होत नाही. कितीतरी रुग्णांच्या बाबतीत रक्त लावल्यावर काही तासांनी तपासणी करावी तर पोटॅशिअम चक्क कमी झालेलं सापडतं. भरलेलं गेलं कुठे?

हा प्रश्न अतिदक्षता विभागातला असला तरी कोरपन्यासारख्या तालुक्याशी त्याचा संबंध फार जवळचा आहे. कोरपना म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचं नैर्ऋत्येकडचं टोक. पलीकडे तेलंगण. एका अंगाला माणिकगडचे डोंगर आणि कोलाम-गोंडांचे गुडे म्हणजे पाडे, दुसऱ्या अंगाला गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने, आणि मधे कापूस नि सोयाबीन. बाळंतपणात रक्त थांबेना झालेली बाई, ट्रकखाली सापडलेला मोटारसायकलवाला, घोणस चावून मूत्रपिंडं बसलेला शेतकरी, मलेरिया मेंदूत चढलेला मजूर, सिकलसेलचा पोरगा: ही सगळी गंभीर माणसं शेवटी चंद्रपूरकडे निघतात. राजुरा-बल्लारपूरवरून जा नाहीतर भोयेगावचा पूल धरा, मधे वर्धा नदी आडवी आहेच, आणि पावसाळ्यात ती रस्ता अडवते. म्हणून मोठ्या रक्तपेढीतून पिशव्या आणून लहान रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, अशी रक्तसाठवण केंद्रांची सोय सरकारी व्यवस्थेत केलेली आहे. सोय चांगली, पण जिथे मागणी कमी तिथे पिशवी फ्रीजमध्ये म्हातारी होते. नातेवाईकही हे ओळखून असतात. "साहेब, ताजंच रक्त लावा जी," हे वाक्य विदर्भातल्या कुठल्याही वॉर्डात ऐकू येतं.

त्या पिशवीकडे जरा जवळून पाहू. लेबलावर रक्तगट, रक्त घेतल्याची तारीख आणि मुदतीची तारीख. साध्या सीपीडीए द्रावणातल्या रक्ताला ३५ दिवस, आणि मीठ, ॲडेनिन, ग्लुकोज, मॅनिटॉल घातलेल्या 'एसएजीएम' द्रावणातल्या लाल पेशींना ४२ दिवस. तापमान २ ते ६ अंश. पिशवी काही दिवस हलवली नाही की लाल पेशी खाली बसतात आणि वर पातळ द्रावणाचा थर येतो. जुन्या पिशवीत त्यावर किंचित गुलाबी झाक असते, काही पेशी फुटल्याची ती खूण. खाली बसलेल्या गडद थरात दीड-दोन लाख कोटी पेशी आहेत. प्रत्येक पेशी केंद्रक नसलेली, श्वसनाची यंत्रणा नसलेली, फक्त साखर जाळून जगणारी. आणि वरच्या त्या पातळ थरात, डोळ्यांना न दिसता, रोज थोडं थोडं पोटॅशिअम उतरतं आहे. ताज्या रक्तात तिथलं प्रमाण लिटरला चार-पाच मिलिमोल असतं. मुदत संपत येईतो ते पन्नासच्या घरात जातं, द्रावणाप्रमाणे कधी त्याच्याही वर.

पन्नास हा आकडा एखाद्या रुग्णाच्या रिपोर्टवर आला असता तर तो माणूस केव्हाच गेलेला असता. आपल्या रक्तद्रवात पोटॅशिअम ३.५ ते ५ च्या मधे राहायला लागतं. साडेसहाच्या पुढे गेलं की डॉक्टरांची धावपळ सुरू होते. ही इतकी काटेकोर मर्यादा कशासाठी? साठ किलोच्या माणसात मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम पोटॅशिअम असतं. त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत. बाहेर सगळं मिळून दोन ग्रॅम, आणि नुसत्या रक्तद्रवात तर अर्धा ग्रॅम. आत खूप आणि बाहेर अगदी थोडं, या तफावतीवरच मज्जातंतूंची आणि स्नायूंची वीज चालते. हृदयाचा प्रत्येक ठोका या तफावतीतून निघतो. बाहेरचं थोडं वाढलं की तफावत घटते आणि ईसीजीचा कागद बोलायला लागतो: आधी टी लहर तंबूसारखी टोकदार होते, मग पी लहर चपटी होत नाहीशी होते, मग मधला क्यूआरएस पसरत जातो, आणि शेवटी सगळ्याची मिळून एकच लोळती लाट उरते. त्यानंतर ठोका नसतो.

ही तफावत टिकवणारं यंत्र पेशीच्या आवरणातच बसवलेलं आहे. इंधनाचा एक कण खर्च करून ते तीन सोडिअम बाहेर टाकतं आणि दोन पोटॅशिअम आत ओढतं. तीन बाहेर, दोन आत, जन्मभर. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठात येन्स स्काऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायांतल्या नसा कुटून त्यातून हे यंत्र ओळखलं. नोबेल मिळायला मात्र १९९७ उजाडावं लागलं. खेकड्यांसाठी चाळीस वर्षं थांबणं तसं फार नाही.

राजुरा तालुक्यातल्या सास्ती-पोवनीच्या कोळसा खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे यंत्र चटकन समजेल. खाणीत चहूबाजूंनी पाणी झिरपत असतं आणि ते उपसणारे पंप रात्रंदिवस चालू असतात. खाण कोरडी दिसते ती झिरप थांबली म्हणून नाही, पंप चालू आहेत म्हणून. वीज गेली की झिरप आपलं काम करतच राहते. लाल पेशी चार अंशांवर ठेवली की नेमकं हेच होतं. थंडीत पंप जवळजवळ बंद पडतो, झिरप मात्र मंदावली तरी थांबत नाही. सोडिअम आत शिरतं, पोटॅशिअम बाहेर जातं. पेशी मेलेली नाही, तिचा पंप तेवढा निजला आहे.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मोठी घबराट झाली. न्यूयॉर्कमध्ये जॉन स्कडर आणि चार्ल्स ड्रू यांनी १९३९ च्या सुमाराला साठवलेल्या रक्तातलं पोटॅशिअम मोजलं आणि ते दिवसागणिक चढतंय असं दाखवलं. ड्रू हे कृष्णवर्णीय शल्यचिकित्सक. पुढच्याच वर्षी युद्धात होरपळणाऱ्या ब्रिटनला रक्तद्रव पुरवण्याची मोहीम त्यांनी उभी केली. रक्तपेढी ही कल्पना तेव्हा नवीन होती, आणि तिच्या पोटातच विष साठतंय की काय अशी शंका घेतली जात होती.

मग १९४१ साली आयोवात जॉन हॅरिस या संशोधकानं एक प्रयोग केला. इतका साधा की आज एखाद्या महाविद्यालयातला विद्यार्थीही तो करेल. फ्रीजमध्ये ठेवून पोटॅशिअम गमावलेल्या लाल पेशी त्यानं घेतल्या, त्यांना शरीराइतकी ऊब दिली आणि ग्लुकोज दिलं. बाहेर गेलेलं पोटॅशिअम परत आत जायला लागलं! स्वतःहून, उताराच्या उलट, चढावर. स्काऊच्या खेकड्यांच्या सोळा वर्षं आधीची ही गोष्ट. पंपाचं नाव तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पेशी उठून कामाला लागली होती. शरीरशास्त्रात इतकं देखणं काही मी फार वाचलेलं नाही.

आता पिशवीचा हिशेब मांडून बघा. पेशींनी सहा-सात मिलिमोल बाहेर टाकलं, म्हणजे त्यांच्या आत तेवढ्याच सहा-सात मिलिमोलची खोट आहे. पिशवी अख्खीच्या अख्खी रुग्णाला लागते, द्रावणही आणि पेशीही. द्रावणातलं जास्तीचं पोटॅशिअम आणि ते मागायला आलेल्या उपाशी पेशी एकाच नळीतून आत येतात. रुग्णाच्या अंगात शिरल्यावर पेशींना ऊब मिळते, साखर मिळते, पंप चालू होतो आणि आपलं गमावलेलं त्या गोळा करायला लागतात. म्हणजे पिशवी रुग्णाला मुळात फारसं काही देतही नाही आणि त्याचं घेतही नाही. सगळी भानगड आहे ती वेळेची. द्रावणातलं पोटॅशिअम मिनिटांत पोचतं आणि पेशींची वसुली सावकाश चालते. सुरुवात लवकर होते, पण पुरती भरपाई व्हायला एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. मधल्या काळात काय होतं यावर माणसाचं बरंवाईट ठरतं.

हिशेबात एक गळती आहे, तीही सांगायला हवी. मुदतीच्या शेवटाला आलेल्या पिशवीतल्या सगळ्याच पेशी उठत नाहीत. रक्त लावल्यानंतर चोवीस तासांनी निदान तीन चतुर्थांश पेशी जिवंत असाव्यात असा दंडक मानला जातो. उरलेल्या मोडीत निघतात आणि त्यांच्या पोटातलं पोटॅशिअमही रुग्णाच्या खात्यात येतं. मूत्रपिंडं ठीक असली तर लघवीतून ते निघून जातं.

एरवी एक पिशवी दोन ते चार तासांत लावतात. एवढ्या वेळात पाव ग्रॅम पोटॅशिअम स्नायूंत, यकृतात, लघवीत कुठल्या कुठे पांगून जातं. बिकट प्रसंग असतो तो धो-धो रक्त वाहत असताना. मिनिटाला शंभर-दीडशे मिलिलिटरच्या वेगानं, पिशवीवर दाब देऊन, जाड सुईतून किंवा थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून रक्त भरावं लागतं तेव्हा पांगायला वेळच मिळत नाही. आणि असा रुग्ण आधीच अडचणीत असतो. रक्तदाब पडलेला, म्हणून अंगात आम्ल साचलेलं, म्हणून त्याच्या स्वतःच्या पेशीही पोटॅशिअम बाहेर सोडत असतात. मूत्रपिंडं बसलेली. अंग गार पडलेलं, त्यामुळे नव्यानं आलेल्या पेशींना उठायला ऊब नाही. वर, रक्त गोठू नये म्हणून घातलेला सायट्रेट रक्तातल्या कॅल्शिअमला बांधून टाकतो, आणि पोटॅशिअमच्या तडाख्यापासून हृदयाला सांभाळणारं कॅल्शिअमच असतं. सुटकेची सगळी दारं एकाच वेळी बंद.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००८ साली आपल्याकडच्या जुन्या नोंदी धुंडाळून अशा सोळा रुग्णांची हकिगत छापली: शस्त्रक्रियेदरम्यान रक्त भरताना पोटॅशिअम चढलं आणि हृदय थांबलं. एकाला त्याआधी चौपन्न पिशव्या लागल्या होत्या. दुसरं पावणेतीन किलोचं तान्हं बाळ होतं, त्याला एकच. बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरही रक्त नसतं, त्याला पाव ग्रॅम म्हणजे डोंगर. म्हणून नवजात बाळाचं रक्त बदलायचं असेल तेव्हा पाच-सात दिवसांच्या आतली पिशवी शोधतात, नाहीतर पेशी धुऊन घेतात. गॅमा किरण दिलेल्या पिशवीत झिरप आणखी वाढते, त्यामुळे तिची मुदतही कमी करतात. धुतलेल्या पेशींची गंमत निराळीच. त्यांचं बाहेर गेलेलं पोटॅशिअम मोरीत ओतून दिलेलं असतं, पण पोटातली खोट तशीच असते, म्हणून त्या रुग्णाचंच पोटॅशिअम ओढून घेतात.

पोटॅशिअम चढलंच तर उपचार काय करतात, तेही बघण्यासारखं आहे. पहिलं कॅल्शिअम ग्लुकोनेट, हृदयाला आधार म्हणून. त्यानं पोटॅशिअम कणभरही उतरत नाही, फक्त वेळ मिळतो. मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. मग दमेकऱ्यांचा साल्ब्युटामॉल, वाफेतून. मधुमेहाचं औषध आणि दम्याचं औषध इथे कशाला? दोन्ही औषधं स्नायूंच्या पेशींतला तोच तीन-बाहेर-दोन-आतवाला पंप जोरानं चालवतात. पोटॅशिअम शरीरातच राहतं, फक्त बाहेरून आत जातं. खरोखर बाहेर काढायचं असेल तर लघवी किंवा डायलिसिस.

आणि आता उलटी बाजू. समजा, बाळंतपणातली ती बाई वाचली, रक्त थांबलं, अंगात ऊब आली. आठ-दहा पिशव्यांमधल्या पेशी एकदम कामाला लागतात. यकृत सायट्रेट जाळायला घेतं, आणि एका सायट्रेटमागे तीन बायकार्बोनेट तयार होतात, म्हणजे रक्त आम्लाकडून अल्काकडे झुकतं, आणि असं झालं की पोटॅशिअम पेशींच्या आत सरकतं. धक्क्यामुळे अंगात सुटलेलं ॲड्रिनालिन साल्ब्युटामॉलचंच काम करत असतं. रात्री ५.८ असलेलं पोटॅशिअम सकाळी ३.१ वर आलेलं असू शकतं, आणि तेवढं कमी होणंही हृदयाला मानवत नाही. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत एकच रिपोर्ट पाहून निर्णय घेणाऱ्यापेक्षा घड्याळ लावून तीन-चारदा नमुना पाठवणारा डॉक्टर मला जास्त शहाणा वाटतो.

"ताजंच रक्त लावा जी" या मागणीचं काय मग? तिची तपासणी मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'एबल' या चाचणीत अतिदक्षता विभागातल्या सुमारे २,४०० रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला सरासरी सहा दिवसांचं रक्त, दुसऱ्याला बावीस दिवसांचं. नव्वद दिवसांत पहिल्या गटातले ३७ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यातले ३५.३. ताज्या रक्तानं काही जास्त जीव वाचले नाहीत. २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या पुढाकारानं जवळपास पाच हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीतूनही वेगळं काही निघालं नाही. तेव्हा फ्रीजमध्ये पिशवी असताना ती जुनी म्हणून नाकारून, ताज्या रक्तासाठी वर्धेच्या पुलावर ताटकळणं हा तोट्याचा व्यवहार आहे. तान्ही बाळं आणि धो-धो रक्त भरण्याचे प्रसंग तेवढे वेगळे.

पिशवीत जे घडतं तेच एका छोट्या काचनळीतही घडतं, आणि खेड्यापाड्यात ते जास्त गोंधळ घालतं. समजा, गुड्यावरच्या एखाद्या आजीचं रक्त तपासणीला घेतलं आणि पेशी वेगळ्या न करता नळी बर्फाच्या डब्यात घालून मोटारसायकलवरून चंद्रपूरला पाठवली. वाटेत थंडीनं पंप निजले, पोटॅशिअम बाहेर उतरलं, आणि प्रयोगशाळेनं इमानदारीनं लिहिलं ६.४. आजीला काहीही झालेलं नाही. हीच नळी मे महिन्यात बर्फाविना निघाली, तर? चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५-४६ अंशांवर. पहिले काही तास पंप जोरात चालतात आणि पोटॅशिअम आत ओढतात, रिपोर्ट येतो खऱ्याहून कमी. नंतर नळीतली साखर संपली की पंप बंद, आणि आकडा उलटा चढतो. ब्रिटनसारख्या थंड देशातसुद्धा उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या पोटॅशिअमच्या रिपोर्टांत असा फरक नोंदवला गेला आहे. आमच्या जिल्ह्यात तर तो दुपारी आणि रात्रीतही पडावा. उपाय साधा आहे: नमुना घेतलेल्या ठिकाणीच नळी फिरवून द्रव वेगळा करायचा. आणि रक्त काढताना दंडाला करकचून पट्टा बांधून "मूठ उघड-मीट" करायला लावायचं नाही, त्यानंही पोटॅशिअम खोटं वाढतं.

सगळ्याच प्राण्यांच्या लाल पेशी अशा वागत नाहीत. कुत्र्याच्या पूर्ण वाढलेल्या लाल पेशीत हा पंपच नसतो, आत सोडिअम जास्त आणि पोटॅशिअम कमी. त्यामुळे कुत्र्याचं साठवलेलं रक्त या बाबतीत निर्धोक. अपवाद जपानच्या अकितासारख्या जातींचा. त्यातल्या काही कुत्र्यांच्या पेशी माणसासारख्या. मेंढ्यांत तर एकाच कळपात दोन्ही तऱ्हा सापडतात. असं का, याची ओळीनं मांडता येईल अशी कारणं नाहीत. उत्क्रांतीनं दोन्ही चालवून घेतलं, एवढंच.

चंद्रपूर-गडचिरोलीत पोटॅशिअमच्या झिरपीची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फ्रीजमध्ये घडत नाही. सिकलसेल. गोंड, माडिया, परधान समाजांत आणि त्यांच्या बाहेरही हा आजार इथे घरोघरी माहीत आहे. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत त्याचा माग काढण्यात आयुष्य घालवलं, २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेचं चंद्रपुरातलं केंद्र याच प्रकारच्या आजारांवर काम करतं. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीत. त्याच वर्षी अमेरिकेत डॅनियल टॉस्टेसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेलच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तेव्हा त्यांच्यातून पोटॅशिअम गळतं.

गळतं ते एका खास दारातून. १९५८ साली बुडापेस्टमध्ये ग्यॉर्गी गार्दोश यांनी हे दार ओळखलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. पेशी वाकली की आत कॅल्शिअम शिरतं, कॅल्शिअम ते दार उघडतं, पोटॅशिअम बाहेर धावतं आणि त्याच्यामागे पाणी. पेशी सुकते. सुकली की आतलं बिघडलेलं हिमोग्लोबिन आणखी दाट होतं, आणि दाट झालं की आणखी लवकर गोठून पेशीला वाकवतं. फ्रीजमधल्या पेशीला ऊब आणि साखर दिली की ती सावरते. या पेशीला दोन्ही असूनही सावरता येत नाही, कारण पंपापेक्षा दार मोठं आहे. सिकलसेलच्या रुग्णांना ऊन टाळा, पाणी भरपूर प्या असं आशाताई पुन्हा पुन्हा सांगतात, त्यामागे हेच आहे.

मग ते दार बंद करणारं औषध काढलं तर? काढलं. सेनिकापॉक त्याचं नाव. गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या पेशी खरोखर कमी सुकल्या, कमी फुटल्या, हिमोग्लोबिन वाढलं. पण हाडं फोडून काढणाऱ्या कळा काही कमी झाल्या नाहीत, आणि मोठी चाचणी मधेच थांबवावी लागली. कळा येतात त्या रक्त बारीक वाहिन्यांत अडकल्यामुळे, आणि त्या अडकण्यात वाहिन्यांच्या अस्तराचा, पांढऱ्या पेशींचा, चिकटपणाचाही हात असतो. शिवाय हिमोग्लोबिन वाढलं की रक्त दाट होतं, आणि दाट रक्त अरुंद जागी आणखी अडतं. पोटॅशिअम पेशीत परत पोचलं, दुखणं मात्र त्याच्यामागून गेलं नाही.